स्ट्रिपच्या मागचा पत्ता

तानाजी घाग पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आले तेव्हा मी त्यांना जवळजवळ हाकललंच होतं. संध्याकाळची वेळ, सात-आठ गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि हा माणूस लोहाच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी धरून मला विचारतोय, "पोरी, ही गोळी बांधायला काय घातलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे लाडू बांधायला तूप लागतं ना? तसं गोळी बांधायला काय लागतं?"

"काका, औषध आहे ते, लाडू नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा. मागे लोक आहेत."

ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. उलट माझीच गिऱ्हाईकं सांभाळायला लागले. "चला, पुढे सरका, सुट्टे काढून ठेवा, ताई तुम्ही आधी या, तुमच्या कडेवर पोर आहे." दहा मिनिटांत काउंटर मोकळा! मग परत समोर येऊन उभे. "आता सांग. काय घातलंय?"

ठाण्याच्या खोपट आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. त्याला कुठे हाकलणार?

मी दर्शना. कोपरला माझं मेडिकल आहे. आमच्या बाबांची, म्हणजे पंढरीशेठची, भातशेती होती तिथे आता बिल्डिंगी उभ्या आहेत, आणि त्यातल्या एका बिल्डिंगीच्या तळमजल्यावरचा गाळा माझ्या वाट्याला आला. डी. फार्म झालेलं होतं, दुकान टाकलं. आई म्हणते, माझ्या जिभेला हाड नाही. खरं आहे ते. पण ही जीभ एकदा जिथे नको तिथे वळली, ते सांगायला बसलेय.

तर काकांची मुलगी रुचिता. लग्न होऊन ठाण्याला, खोपटलाच आगाराच्या मागे राहायची. लहानपणापासून काटकी. "रक्त कमी आहे" हे एवढंच सगळे डॉक्टर सांगायचे. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, इंजेक्शनं झाली, देवाला बोलून झालं. लग्नानंतर दिवस राहिले, तिसऱ्या महिन्यात गेले. तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंना शंका आली आणि तपासण्यांत निघालं, सिलिअ‍ॅक. गव्हातलं नि बार्लीतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं आतडं आतून सोलवटायचं, त्यामुळे खाल्लेलं अंगीच लागायचं नाही. पोळी बंद, पाव बंद, शिरा बंद, रवा-मैदा सगळं बंद, जन्मभर.

तिची आई, विनिताकाकू, अशीच रक्त कमी म्हणून खंगून गेलेली. रुचिताचं निदान झालं त्या दिवशी काकांना कळलं की बायको कशानं गेली असेल. "अगं, मी तिला आग्रह करून करून पोळ्या वाढायचो," ते मला एकदा म्हणाले. "म्हणायचो, खा, ताकद येईल." आणि मग लगेच स्ट्रिप पुढे केली. असे होते ते, रडू आलं की स्ट्रिप पुढे करायचे.

जेवणातला गहू काढता येतो. पण आतडं बिघडलेलं, म्हणून लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड, डी, बी-बारा हे सगळं गोळ्यांनी द्यायचं. आणि गोळीचा आकार धरायला, फुगवायला स्टार्च घालतात. तो मक्याचा असेल तर ठीक. गव्हाचा असेल तर? स्ट्रिपवर औषधाचं नाव असतं, किती मिलिग्रॅम ते असतं, रंग कुठला ते पण असतं. स्टार्च कशाचा ते नसतं. खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. डिप्लोमा घेऊन बसलेली मी, आणि मला शिकवलं कोणी, तर कंडक्टरनं.

मग काकांनी कंपन्यांना फोन लावायला सुरुवात केली. माझ्याच दुकानातल्या स्टुलावर बसून, स्पीकरवर. "हॅलो, मी तानाजी घाग, निवृत्त वाहक, ठाणे. तुमच्या गोळीत स्टार्च कशाचा?" पलीकडची पोरगी गोड आवाजात सांगायची, "सर, आमची गोळी शंभर टक्के व्हेज आहे."

"अहो मॅडम, गहू पण व्हेजच असतो की!"

गिऱ्हाईकं हसायची, मी पण हसायचे. कोणी फोन धरून ठेवायला सांगायचं आणि गाणं लावून द्यायचं. काका गाणं संपेपर्यंत धरून बसायचे. कोणी म्हणायचं मेल करा. मग मी मेल करायचे, ते बाजूला उभं राहून मजकूर सांगायचे, "आदरणीय महोदय" पासून. चार महिन्यांत अकरा कंपन्या झाल्या. तीन जणांनी "आम्ही खात्री देऊ शकत नाही" असं कळवलं, बाकीच्यांनी काहीच नाही. आणि एका कंपनीचं रीतसर उत्तर आलं. आमच्या हिमाचलच्या कारखान्यात बनणाऱ्या गोळीत मक्याचा स्टार्च आहे, गव्हाचं काहीही तिथे वापरत नाही.

त्या दिवशी काकांनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. पत्राच्या दोन प्रती काढल्या, एक माझ्या काउंटरच्या काचेखाली सरकवली. पण ते नुसते खूश होऊन बसणारे नव्हते. "पत्रात हिमाचलचा कारखाना लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे दुसरीकडे पण बनत असणार. बोर्डावर ठाणे लिहिलंय म्हणून गाडी ठाण्यालाच जाते असं नसतं, पोरी. कुठल्या मार्गानं जाते ते विचारावं लागतं."

आणि ते बरोबर होतं. एकाच नावाची गोळी कंपनी दोन-तीन ठिकाणी बनवून घेते. डबा तोच, रंग तोच, मागे बारीक अक्षरात पत्ता तेवढा वेगळा. तेव्हापासून काका दर महिन्याला यायचे, खिशातून भिंग काढायचे आणि प्रत्येक स्ट्रिपचा मागचा पत्ता वाचायचे. बसमध्ये तिकिटं तपासावीत तसे, एकेक. मी चिडवायचे, "काका, आजपण विनातिकीट कोणी सापडलं नाही ना?" मग गोळ्या घेऊन बसनं ठाण्याला जायचे, पोरीच्या हातात द्यायचे. "आयुष्यभर बसमध्ये उभा राहिलो, आता बसून जातो," म्हणायचे.

आणि रोज दुपारी दोन वाजता तिला फोन. जेवणानंतरची गोळी असायची ना. "रुचू, गोळी घेतलीस?" एवढंच, ती "हो पप्पा" म्हणाली की ठेवला.

आमच्या आईला, ठमाबाईला, हे सगळं कळल्यावर तिनं जाहीर करून टाकलं, "आमचे घरान गव्हू नाय गो. त्या पोरीला सांग, हितं येऊन जेव." आणि खरंच, आम्हा आगऱ्यांकडे तांदळाची भाकरी रोजची. तांदूळ पण आई घरच्या घरघंटीवर दळते, त्यात दुसरं काही जात नाही. मग काका ठाण्याला निघाले की आई फडक्यात बांधून चार भाकऱ्या द्यायचीच.

दीड वर्ष असं गेलं. रुचिता भरली. रक्तातला तो आकडा, ज्यावरून कळतं पोटात ग्लुटेन जातंय की नाही, तो खाली आला. आणि गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी काका दुकानात आले ते तोंडभर हसू लपवतच. "पोरी, आता फॉलिकवालीचे डबे जरा जास्त मागवून ठेव." मी ओरडलेच! त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तीन महिने झाल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, म्हणाले, आणि मग रस्त्यावरच्या फळवाल्यालाही सांगून आले.

आता मी जे सांगणार आहे ते पटकन सांगते, नाहीतर सांगवणार नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. उजवा तर आधीच अधू. दोन दिवसांनी ते काळा गॉगल लावून रिक्षानं दुकानात आले. घरी आराम करायला सांगितलेलं, पण गोळ्या संपत आलेल्या. दुकानात ही गर्दी. एका कानाला मोबाईल, त्यावर होलसेलवाल्याशी माझं भांडण चाललेलं, हातानं दुसऱ्याचं बिल. डोळ्यामुळे त्यांना लवकर परत यावं लागू नये म्हणून मी तीन महिन्यांच्या नऊ स्ट्रिपा एकदम काढून पिशवीत घातल्या.

"पोरी, आज मला दिसत नाही. मागचं तू वाच. हिमाचल आहे ना?"

मी स्ट्रिपकडे बघितलं नाही. तोच डबा, तोच रंग, रोजचाच माल. मी म्हटलं, "तेच आहे, काका."

"वाचलंस ना?"

"हो हो."

बास, एवढंच झालं. दोन सेकंद लागले असते. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि त्या गॉगलमागून हसले. "तू वाचलंस म्हणजे झालं," म्हणाले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी परत फोनवर भांडायला लागले.

डिसेंबरात, पाचव्या महिन्यात, रुचिताचं बाळ गेलं.

मला विकीनं, माझ्या भावानं, सांगितलं. त्याला कोपरच्या नाक्यावर कळलेलं. मी दुकानात एकटी होते. त्याच डब्यातली उरलेली एक स्ट्रिप काढली, उलटी केली, आणि वाचली. पत्ता उत्तराखंडचा होता. मी परत वाचला, मग उजेडात नेऊन वाचला. वाचून तो बदलणार होता थोडाच?

कंपनीला मेल केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्या कारखान्यात मालाच्या उपलब्धतेनुसार गव्हाचा स्टार्चही वापरला जातो. मी ते उत्तर कोणाला दाखवलं नाही. फोनमध्ये ठेवलं आणि दिवसातून दहा वेळा उघडून बघायचे. एवढ्याशा गोळीत असं कितीसं असेल? मी शिकलेली आहे, मला माहितीये की एवढ्यानंच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितल्याचं मला नंतर कळलं. आतडं जुनं बिघडलेलं, रक्त परत उतरलेलं, कारणं पन्नास असू शकतात. पण तो आकडा मात्र वर गेलेला होता. दीड वर्षात खाली आलेला आकडा.

काका महिनाभर दुकानात आले नाहीत. मला हायसं वाटलं. अशी मी! त्यांचं नातवंड गेलं आणि मला हायसं वाटत होतं की मला तोंड दाखवावं लागत नाहीये.

जानेवारीत रुचिताचा नवरा, ऋतुराज, आला. शांत मुलगा. उरलेल्या स्ट्रिपा काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, "ह्या परत घ्या, कोणाला चालत असतील तर. आमच्याकडे चालत नाहीत." मी काही बोलणार तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, "हॉस्पिटलात आहारवाल्या मॅडमनी सगळी औषधं मागवली तेव्हा कळलं, मागचा पत्ता वेगळा आहे. रुचितानं पप्पांना विचारलं. ते म्हणाले, मीच वाचलं, एका डोळ्यानं वाचलं, चुकलो. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. त्यांचा फोनपण घेत नाही."

"मीच वाचलं," असं म्हणाले?

दुकान तसंच टाकून मी काकांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर तुळस, आत विनिताकाकूंचा फोटो. ते तांदूळ निवडत बसलेले. मी उंबऱ्यातच रडायला लागले. म्हटलं, "काका, तुम्ही खोटं का बोललात? मी वाचलं नव्हतं. मी बघितलंसुद्धा नव्हतं."

"माहितीये," ते म्हणाले. "दुसरा डोळा झाल्यावर मी वाचलं ना."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

ते तांदूळ निवडत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, तिला कोणावर तरी रागवायलाच हवं होतं. तुझ्यावर रागावली असती तर काय केलं असतं? दुकानात येऊन दोन शिव्या दिल्या असत्या, मग घरी जाऊन एकटीच रडत बसली असती. माझ्यावर रागावलीये तर निदान माझ्याशी काहीतरी आहे. आणि वाचायचं तुला सोपवलं ते मीच ना? गर्दीत, फोन चालू असताना. कंडक्टर होतो मी, गर्दीत लोक 'हो हो' करतात हे मला कळायला नको?"

मला म्हणाले, तिला काही सांगायचं नाही. शपथ घातली. आणि मला, खरं सांगते, ती शपथ बरी वाटली. माझं दुकान वाचलं, माझं नाव वाचलं. चार महिने मी ती शपथ पाळली.

काका परत यायला लागले. नवीन कंपनी शोधली, परत फोन, परत गाणी, परत "आदरणीय महोदय". ह्या वेळी गुजरातचा पत्ता. प्रत्येक स्ट्रिप स्वतः वाचायचे, आता भिंग नको होतं. गोळ्या ऋतुराज घेऊन जायचा. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, फक्त पुढे सरका, मागे व्हा, ते बंद झालेलं. लाइनीत गप्प उभे राहायचे.

मे महिन्यात एका दुपारी ते स्टुलावर बसलेले. बरोबर दोन वाजता त्यांनी मोबाईल काढला, नंबर लावला, कानाला धरला. रिंग पूर्ण वाजू दिली. पलीकडून कोणी उचललं नाही. मोबाईल खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"गोळीची वेळ झाली, कळलं तिला."

पाच महिने, रोज. मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. त्याच रविवारी आईला म्हटलं, भाकऱ्या दे. आईनं काही विचारलं नाही. फडक्यात चार बांधून दिल्या.

खोपटला पोचले तेव्हा पावणेदोन झालेले. रुचितानं दार उघडलं. गळ्याची हाडं दिसत होती. ऋतुराज बाहेर गेलेला. मी बसले नाही, उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. गर्दी, फोन, "तेच आहे, काका", "वाचलंस ना", "हो हो". काही गाळलं नाही. म्हटलं, "तुझ्या पप्पांनी वाचलंच नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं. मी खोटं बोलले आणि ते माझ्यासाठी खोटं बोलले."

मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"त्यांच्या डोळ्याला तेव्हा गॉगल होता," ती म्हणाली. "मला माहीत होतं. ते कसे वाचतील, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मीही वाचलं नाही गं. पप्पांनी आणलंय म्हणजे वाचलेलं असणार." मग म्हणाली, "मी त्यांना काय बोलले माहितीये तुला? बोलले, आईला पण तुम्हीच घालवलंत. आणि ते म्हणाले, हो."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. फडक्यातल्या भाकऱ्या मांडीवर तशाच होत्या.

दोन वाजता तिचा फोन वाजला. स्क्रीनवर 'पप्पा'. तिनं त्याकडे न बघताच, सवयीनं, बाजूच्या स्टुलावरून स्ट्रिप उचलली आणि एक गोळी तळहातावर काढली. रोज हेच करत असणार. फोन वाजायचा, ती गोळी काढायची. पण आज तिचा हात थांबला. फोन वाजत राहिला. तिनं तो उचलून हिरवं बटण दाबलं, आणि माझ्या हातात दिला.

"काका, मी दर्शना."

"सांगितलंस?" ते म्हणाले.

"हो."

"रडतेय?"

"हो."

मग त्यांचा आवाज आला, घोगरा झालेला. "गोळी घेतली तिनं?"

मी रुचिताच्या हातातून स्ट्रिप घेतली आणि उलटी केली. नाव वाचलं, बॅच नंबर वाचला, महिना, साल, बनवणारा कोण, प्लॉट नंबर, गाव, तालुका, गुजरात. मोठ्यानं, एकही अक्षर न सोडता.

"तेच आहे, काका," मी म्हटलं.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.